पाहुणीसाठी धुतलेली टाकी

यवतमाळला कुणी हिंडायला जातं का, असं मला सांगलीत निदान दहा जणींनी विचारलं. म्हटलं, मी देवाला नाही चालले आणि थंड हवा खायलाही नाही, मी चाललेय गटार बघायला. त्यावर एकीनं कपाळाला हात लावला. लावू दे. मुलींच्या शाळेत मी जन्मभर गृहविज्ञान शिकवलं, भांडी कशी घासावीत यावर तासच्या तास घेतले. निवृत्त झाल्यावर एखादं गटार बघायचा हक्क मला आहे.

गटार होतं संघमित्राचं. ही पोरगी इंजिनिअरिंगला सांगलीत असताना चार वर्षं आमच्या माडीवरच्या खोलीत राहिली. पहिल्याच आठवड्यात ताट घेऊन खाली आली आणि म्हणाली, "काकू वो, मले थोडं तिखट देता का? तुमची आमटी गोड लागून राह्यली." आमच्या कोल्हापुरी मसाल्याच्या आमटीला गोड म्हणणारी ही कोण टिकोजीराव, असं वाटलं, पण मी तिच्यावर जी भाळले ती भाळलेच. शिकून ती पुण्या-मुंबईला जाईल असं मी धरून चालले होते. ती गेली परत यवतमाळला. आर्णीच्या पुढं, हमरस्ता सोडून आत तिचं गाव आहे, तिथं. मग फोनवर सांगायची, काकू, आम्ही कचऱ्यातलं प्लास्टिक वितळवून त्याची चाकं करतो आणि त्या चाकांनी सांडपाणी साफ करतो. मला ओ की ठो कळायचं नाही. शेवटी म्हटलं, मी येतेच. आणि फोन ठेवता ठेवता बोलून गेले, "पण घाणबीण, बुळबुळीत काही दिसलं ना मित्रा, तर नाकाला पदर लावून तशीच मागं फिरेन हं!"

गंमत म्हणून बोलले होते. ती खळखळून हसली. ते वाक्य मी आजही गिळायला तयार आहे.

लोहारा

सांगली ते यवतमाळ हा प्रवास मी सांगत बसत नाही. पाठ दुखली, एवढं पुरे. दिवाळी होऊन गेली होती, सकाळी शाल लागायची आणि दुपारी पंखा. मित्रा मला घ्यायला आली ती थेट तर्री पोह्यांच्या गाडीवर घेऊन गेली. सांगलीची मिसळ खाल्लेल्या बाईला तर्रीची काय मातब्बरी, म्हणून मी वाटीभर तर्री पोह्यांवर ओतून घेतली. पुढचा पाव तास मी रस्त्याकडेला उभी राहून नाक पुसत होते आणि गाडीवाला काळजीनं विचारत होता, "मॅडम, जिलबी देऊ का जी?" जिलबी खाल्ली. हरले म्हणाले नाही.

शहराच्या कडेला लोहाऱ्याला कारखान्यांची वसाहत आहे, तिथं मित्रानं अर्धी शेड भाड्यानं घेतली आहे. उरलेल्या अर्ध्यात कूलर बनतात. तिचं यंत्र बघून मला हसूच आलं, कारण तो एक भलामोठा चकलीचा साचा होता. वरून प्लास्टिकचा चुरा घालायचा, आत तो तापून मऊ होतो, पुढं साच्यातून लांब नळी बाहेर येते आणि पातं तिचे तुकडे पाडतं. एकेक तुकडा पाच रुपयांच्या नाण्याएवढा, मध्ये आरे असलेलं बैलगाडीचं चाकच. दुधाच्या पिशव्या, बियाण्याच्या थैल्या, खताची पोती, फुटक्या बादल्या, सगळं एकत्र. औषधाच्या, म्हणजे फवारणीच्या बाटल्या मात्र ती हातात धरत नाही.

मी एक चाक उचलून बघितलं. करड्या रंगाचं, खडबडीत, कडेला कुसळं आलेली. माझ्या वर्गातल्या मुलीनं असं काही केलं असतं तर मी ते परत करायला लावलं असतं.

"जरा गुळगुळीत का नाही करत गं?"

"गुळगुळीत केलं तर कामाचं नाही काकू. वेगवेगळं प्लास्टिक एकमेकांत नीट मिसळत नाही, म्हणून हे असं खरखरीत येतं. बाकीचे कारखाने म्हणूनच याला हात लावत नाहीत. आणि आपल्याला नेमकं हेच पाहिजे."

"ते का?"

"उद्या गावात दाखवतो."

तिकडच्या बायका करतो, जातो असंच म्हणतात. सांगलीत चार वर्षं काढूनही हिचं ते गेलं नाही, आणि ते ऐकून मला बरं वाटलं.

आर्णीच्या पुढं

यवतमाळ सोडलं की रस्त्याला सागाची झाडं लागतात, मोठमोठी पानं वाळून लाल झालेली. मग तुरीची शेतं, पिवळ्या फुलांनी नुसती भरलेली. मी खिडकीला नाक लावून बसले होते. मधेच एका शेतात उभ्या कपाशीत शेळ्या सोडलेल्या दिसल्या.

"अगं, पीक खातायत ना त्या!"

"खाऊ दे काकू. अळीनं बोंडं आतून खाल्ली. बोंड फुटतच नाही, फुटलं तर कवडी निघते." कवडी म्हणजे डागाळलेला, चिकटून बसलेला कापूस. "आमच्या बायका या दिवसांत पहाटेपासून वेचणीला असतात. औंदा पहिली वेचणी कशीबशी झाली, दुसरीला कोणी बोलावलंच नाही. त्याच बायका आता माझं प्लास्टिक वेचतात."

आणि मग तिनं मला सगळा मामला सांगितला. गाव चढावर, त्यांची बौद्ध वस्ती उताराला. त्यामुळं अख्ख्या गावाचं सांडपाणी यांच्या दारांवरून वाहत येतं आणि वस्तीच्या हापशाजवळ साचतं. मित्रा त्याच वासात वाढली. तिनं रस्त्याकडेची पंचायतीची मोकळी जागा एका वर्षासाठी मागून घेतली, तिथं टाकी बांधली, चाकं टाकली. आता पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी जिल्ह्याहून माणूस येऊन टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना नेणार होता. पाणी पास झालं तर जागा कायमची. नापास झालं तर टाकी पाडून तिथं दुकानांचे गाळे.

"होईल ना गं पास?"

"होईल काकू. पाणी मस्त येऊन राह्यलं चार महिन्यांपासून. तुम्ही पाहाच." तिच्या तोंडावर असा काही आनंद होता की मी तिचा हातच धरला.

टाकीजवळ उतरलो तर काय, समोर रांगोळी! टाकीच्या चारी कडांना रांगोळी, भिंतीला ताजा चुना, आणि आठ-दहा बायका इस्त्रीची लुगडी नेसून ओळीनं उभ्या. मित्राची आई सुलोचनाबाई पुढं आल्या, मला फूल दिलं, पाण्याचा तांब्या दिला आणि टाकीवरची जाळी स्वतःच्या हातानं बाजूला केली.

"पाहा बाई, तुमच्यासाठी कसं लखलख केलं."

खरंच लखलखीत होतं. एकूण एक चाक घासून पुसून काढलेलं. मी कौतुकानं मान डोलावली आणि मित्राकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माय," ती हळूच म्हणाली, "हे काहून धुतलं?"

"पाहुणी येऊन राह्यली न! तूच तं हासत सांगतलं, बुळबुळीत दिसलं तं काकू वापस जातीन म्हून. लय शेवाळ चढलं होतं वं. दोन दिवस लागले. गरम पानी, साबनाचा चुरा, नारळाच्या शेंड्या. बायाइचे हात सोलले."

मित्रा हापशावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन टाकीच्या कठड्यावर बसली. मग तिनं सांगितलं. ते शेवाळ नव्हतं. ते डोळ्यांना न दिसणारे जीव होते, खरखरीत चाकांवर घर करून राहणारे, आणि पाण्यातली घाण तेच खात होते. चाकं म्हणजे नुसती त्यांची घरं. घरं लखलखीत झाली होती आणि राहणारे गरम पाण्यानं मेले होते. नवे आपोआप यायला महिना-दीड महिना जातो. गुरुवारला नऊ दिवस होते.

सुलोचनाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. मग म्हणाल्या, "तू कधी सांगतलं नाई मले."

"नाई सांगतलं," मित्रा म्हणाली. "जाळी साफ ठेवा, नाली साफ ठेवा, हेच रोज सांगत होती मी. चूक माही आहे माय."

चूक कुणाची ते मला ठाऊक होतं. उभी हयात मी पोरींना शिकवलं की बुळबुळीत राहिलेलं भांडं म्हणजे बाईची लाज. त्याच तोऱ्यात ते वाक्य बोलून गेले आणि या बायांनी माझ्या मानापायी स्वतःची टाकी मारली. मी तिथंच सगळ्यांसमोर म्हणाले, "बायांनो, हे माझ्या जिभेनं झालं." कुणीच मला दोष दिला नाही, उलट एकीनं पुन्हा पाणी दिलं. त्यानं तर मला जास्तच रडू आलं. चार दिवसांसाठी आले होते. घरी फोन करून सांगितलं, गुरुवार होईस्तोवर येत नाही.

गावातले दिवस

दुसऱ्या दिवशी मित्रा फोनला चिकटून होती. कुठल्या तरी चालू टाकीतला गाळ आणून घातला तर जीव लवकर वाढतात म्हणे. नागपूरपर्यंत विचारून झालं. कुणी अर्ज मागितला, कुणी साहेब रजेवर आहेत म्हणाला. तोवर टाकीतून गटाराचं पाणी जसंच्या तसं काळं बाहेर पडत होतं.

मी सुलोचनाबाईंच्या ओट्यावर बायांबरोबर प्लास्टिक निवडायला बसले. रिकामे हात मला सहन होत नाहीत. त्या बायकांनी कापूस वेचायची ओटी कमरेला बांधली होती, पुढं झोळीसारखी, आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी वेचत होत्या. डाव्या हाताचं डावीकडं, उजव्या हाताचं उजवीकडं. बघायच्याही नाहीत! पिशवी चुरगाळायची, कुरकुरली तर बाजूला, मऊ वाजली तर ओटीत. जाड तुकडा असला तर पाण्याच्या घमेल्यात टाकायचा. बुडाला की तो वितळवायला घ्यायचा नाही. मी अर्धा तास कान देऊन ऐकत होते आणि माझं प्रत्येक दुसरं चुकत होतं. "मास्तरीणबाई नापास झाल्या," असं एक म्हणाली आणि त्या सकाळी पहिल्यांदा सगळ्या हसल्या.

एक मात्र हसली नाही. अंजनाबाई, वय सत्तरीच्या घरात, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी. चुरगाळत बसली होती आणि अधूनमधून माझ्याकडं बघत होती.

जेवायला पातोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर होती. पातोडी म्हणजे आमच्या वड्यांची तिखट बहीण, बेसनाची, जहाल रश्श्यात पोहणारी. आमच्याकडं पाहुण्याला आग्रह तोंडानं करतात, तिकडं हातानं करतात. नको म्हणेस्तोवर ताटात पडलेलं असतं. वर सुलोचनाबाई म्हणतात, "बिनतिखटाचं केलं तुमच्यासाठी." माझे डोळे वाहत होते. तिखटानंही आणि बाकीच्यानंही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंजनाबाई माझ्याजवळ आली. "बाई, या न घराकडं. एक दाखवतो. पन पोरीले रागावू देऊ नका."

तिचं घर वस्तीच्या टोकाला. मागच्या अंगणात न्हाणी, न्हाणीचं पाणी एका निळ्या पिंपात पडत होतं, आणि पिंपातून नळीवाटे अंबाडी आणि वांग्याच्या वाफ्यात. तिनं पिंपावरचं झाकण काढलं. आत चाकं. तपकिरी, बुळबुळीत, ओल्या मातीच्या वासाची. पिंपातून बाहेर पडणारं पाणी मात्र स्वच्छ.

"ही तर टाकीतली!" मी म्हटलं.

"चोरीच आहे," ती म्हणाली. "म्या नाई म्हनत नाई. टाकीतले दोन घमेले चाकं आनले, सहा महिने झाले. बाई, आमच्या वस्तीले देल्लेलं काई टिकत नाई. नळ देल्ला, मंग तोटी काढून नेली. बसाले वटा बांधला, मंग त्याच्यावर दुसऱ्याचंच गोदाम झालं. हे टाकं बी एक दिवस नेतीन. म्हून म्हटलं, थोडंसं आपल्या घरी असावं."

"पण मग तुमची चाकं तुम्ही का नाही धुतलीत?"

"पह्यले पानी काळंच राह्ये. शेवाळ चढलं तवा साफ झालं. म्या रोज पाहो न." मग पदरानं झाकण पुसत ती म्हणाली, "सगळ्या धुवून राह्यल्या होत्या तवा म्या बोलाले पाह्यजे होतं. पन बोलली असती, तं तुले कसं मालूम, असं विचारलं असतं. चोर म्हनतीन म्हून गप राह्यली. दोन दिवस अन्न गोड लागलं नाई मले."

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार होते? इंजिनिअर पोरीनं जे सांगायचं राहून गेलं ते या बाईनं नुसतं बघून बघून शिकून घेतलं होतं.

मित्राला बोलावलं. तिनं पिंपात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर चाकं वर काढली, नाकाशी नेली. अंजनाबाई भिंतीला टेकून उभी होती, खाली मान घालून.

"आजी," मित्रा म्हणाली, "हे सगळं नेऊ का मी?"

"ने माय. तुहंच हाय."

"अगं पण मित्रा, दोनच घमेली ही," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या टाकीला?" आणि बोलता बोलताच माझं मला कळलं. पातेलंभर दुधाला विरजण किती लागतं? चमचाभर!

मित्रा माझ्याकडं बघून हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

पुढचे दिवस आम्ही सगळ्यांनी मिळून ते विरजण जपलं. अंजनाबाईची चाकं टाकीत मिसळली. मित्रानं पाण्यात गूळ कालवून घातला, जिवांना खायला. गटाराचं पाणी आधी थोडंच आत सोडलं, मग निम्मं, मग सगळं. टाकीत हवा सोडणारा पंप आहे, पण वीज दुपारी हमखास जायची. मग जाड बांबूनं ढवळायचं, नाहीतर जीव गुदमरतात. बायांनी पाळ्या लावल्या. माझीही पाळी होती. पहिल्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी बांबू हातातून सुटून पाण्यात पडला आणि तो काढायला वाकले तर चष्मा आत. चष्मा सापडला. वास? वासाचं सांगू का, चौथ्या दिवशी तो मला येईनासाच झाला.

दर सकाळी मित्रा एक चाक काढून माझ्या हातावर ठेवायची. "पाहा काकू." मंगळवारी ते बोटाला किंचित निसटतं लागलं. बुधवारी चांगलं बुळबुळीत. आयुष्यात कधी बुळबुळीत वस्तूला मी इतक्या मायेनं हात लावला नव्हता.

गुरुवारी जिल्ह्याहून माणूस आला. पाणी काचेसारखं नव्हतं, आधीच्या महिन्याइतकं तर नव्हतंच. फिकट चहासारखी झाक होती. त्यानं बाटली भरली, उजेडात धरली, चिठ्ठी चिकटवली आणि चहा घेऊन गेला. सुलोचनाबाईंनी मला गाडीत बसवताना मूठभर अंबाडीचं बी पदरात बांधून दिलं, आणि आम्ही दोघी उगीचच हवापाण्याचं बोलत राहिलो.

सांगलीत

पंधरा दिवस मी फोन उशाशी घेऊन होते. एका दुपारी मित्राचा फोन आला.

"काकू, पास! अगदी काठावर, पण पास. पंचायतीनं जागेचा कागद देल्ला. कायमचा."

मी ओरडलेच असणार, कारण शेजारीण धावत आली. मग पहिलं विचारलं ते अंजनाबाईचं. ती काय म्हणाली?

"तिला घरी जाऊन कागद वाचून दाखवला. सगळा ऐकला तिनं, शिक्काही हातानं चाचपून पाह्यला. म्हणाली, लय चांगलं झालं माय. आता माहे दोन घमेले चाकं वापस दे."

"अगं, मग तू सांगितलं नाहीस का तिला, की आता ठेवायची गरज नाही म्हणून?"

"नाही काकू. मी स्वतः टाकीतली चाकं डोक्यावर घेऊन गेलो आणि तिचं पिंप भरून देल्लं. असे कागद माझ्यापेक्षा तिनं जास्त पाह्यले आहेत."